अख्खी डिस्क पुसून विंडोज ११ टाकलं: सहा महिन्यांनंतरचा अनुभव

मशीन: घरचा लॅपटॉप, इंटेलचा अकराव्या पिढीचा प्रोसेसर, ८ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून सगळं पुसून विंडोज ११ टाकलं. सहा महिन्यांत ॲक्टिव्हेशन टिकलं, फाइल एकही गेली नाही, मशीन आजही चपळ चालतंय. टाकायला अर्धा-पाऊण तास लागतो, पण तयारीला पूर्ण दिवस काढा.

‘डी ड्राइव्हला कॉपी मारली’ म्हणजे बॅकअप नव्हे. सी आणि डी बहुतेक वेळा एकाच डिस्कचे तुकडे असतात. बॅकअप बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या, चार-पाच फाइल दुसऱ्या मशीनवर उघडून बघा आणि मग ती डिस्क काढून ठेवा. ब्राउझरचे पासवर्ड, टॅलीचा डेटा, आउटलुकची पीएसटी फाइल (मेल साठवणारी) हमखास राहून जाते.

मराठी टायपिंग करणाऱ्यांनी फॉन्ट विसरू नयेत. श्री-लिपी किंवा आयएसएम या टायपिंगच्या सॉफ्टवेअरमधल्या जुन्या फाइल युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर वाचता येणाऱ्या सामायिक लिपी-संकेतात, नसतात. फॉन्ट गेला की मजकुराच्या जागी रोमन अक्षरं आणि चिन्हं दिसतात. विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधून ते उचला. तिथे एखादा सापडला नाही, तर तो फक्त तुमच्या युजरपुरता टाकलेला असेल; तो ॲपडेटामधल्या लोकल फोल्डरात, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, फॉन्ट्स या वाटेवर मिळतो.

प्रॉडक्ट की नसली तरी चालतं. आधी ॲक्टिव्हेट असलेल्या मशीनचं डिजिटल लायसन्स हार्डवेअरशी बांधलेलं असतं. सेटअपमध्ये ‘की नाही’ निवडा, मात्र आधीची विंडोज आवृत्ती होम असेल तर होमच टाका, प्रो असेल तर प्रो.

विंडोज टाकायचा पेन ड्राइव्ह मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने बनतो; त्याला किमान ८ जीबीचा पेन ड्राइव्ह लागतो आणि तो पूर्ण पुसला जातो. खरी अडचण पुढे आली: सेटअपला एसएसडी दिसेचना, यादी रिकामी. डिस्क खराब झालेली नसते. या पिढीच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये एसएसडी इंटेलच्या व्हीएमडीमागे (डिस्क सांभाळणारी इंटेलची सोय) असते आणि सेटअपकडे त्याचा ड्रायव्हर, म्हणजे ती ओळखायला लागणारं छोटं सॉफ्टवेअर, नसतो. लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर आधीच उतरवा, त्यातली आयएनएफ फाइल समोर दिसेल इतका उलगडा, पेन ड्राइव्हवर ठेवा आणि ‘लोड ड्रायव्हर’ने दाखवा. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंगमध्ये) व्हीएमडी बंद करूनही काम होतं, पण नंतर ते पुन्हा चालू केलं तर विंडोज बूट होत नाही. ड्रायव्हरचाच मार्ग बरा.

पार्टिशनच्या, म्हणजे डिस्कचे तुकडे दाखवणाऱ्या, पडद्यावर घाई नको. नावं नसतात, आकार बघून ओळखायचं: ५१२ जीबीची डिस्क साधारण ४७६ दिसते, १ टीबीची ९३१. मशीनमध्ये दुसरी डिस्क असेल तर आधी काढा. नाहीतर कधीकधी बूटचं पार्टिशन तिच्यावर जाऊन बसतं. योग्य डिस्कवरची सगळी पार्टिशन डिलीट करून मोकळी जागा निवडा, बाकीचे तुकडे सेटअप स्वतः पाडतो. पहिल्या रीस्टार्टला तोच सेटअप पुन्हा आला तर मशीन पेन ड्राइव्हवरून बूट होतंय, तो काढा. वायफाय दिसलं नाही तर मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा, म्हणजे फोनचं इंटरनेट लॅपटॉपला मिळतं.

विंडोजमधलाच ‘रीसेट’चा सोपा पर्याय का नाही? लोकल रीसेट जुन्याच सिस्टिम फाइल वापरतं; त्याच बिघडल्या असतील तर दुखणं तसंच राहतं.

एक गोष्ट मात्र टाकून झाल्यावरची. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन केलं की होममध्येही डिस्क बहुधा आपोआप एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, होते. बायोस अपडेटनंतर विंडोज ते कुलूप उघडणारी ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतं. ती खात्यात साठलेली असते, पण त्याच लॅपटॉपवर अडकलात तर दुसरं मशीन किंवा फोन हवा. पहिल्याच दिवशी कागदावर लिहा, आणि पुसण्याआधीची जुनी रिकव्हरी की जपून ठेवली असेल तर तिच्यावर काट मारा. नव्या विंडोजला ती चालत नाही.