चीनला व्हॉलंटियर इंग्लिश टीचर म्हणून पाच महिने: शाळेला पैकीच्या पैकी, पाठवणाऱ्या संस्थेला दीड स्टार

गेल्या काही दिवसांत लातूरच्या तिघांनी मला फोन करून एकच विचारलं, भैय्या तुम्ही चीनला शिकवायला गेलते ना, ते कसं जायचं, पैसे किती लागतेत, कोणत्या संस्थेकडनं जायचं. २६ ऑक्टोबर २०२५ ला कोलकाता ते ग्वांगझू थेट विमान परत सुरू झालं तवापासनं हे जास्तच वाढलंय. प्रत्येकाला तासभर फोनवर सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून टाकायलोय.

मी सप्टेंबर २०१८ ते जानेवारी २०१९, म्हणजे त्यांचं एक आख्खं सेमिस्टर, शामेनला होतो. फुज्येन प्रांतातलं समुद्रकाठचं शहर, जुन्या नकाशात अमॉय नावानं सापडतं. माझं डी.एड. आणि इंग्लिशमधनं बी.ए. झालेलं, घरी बसून टीईटीची तयारी चालू होती आणि एका संस्थेची जाहिरात दिसली. संस्थेचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण असल्या संस्था एका वर्षानं दुसऱ्या नावानं उभ्या राहतात, नावापेक्षा त्यांची बोलायची पद्धत लक्षात ठेवलेली बरी.

फी घेतली २८ हजार, विमानाचं तिकीट वेगळं. त्यात राहणं, शाळेत दोन टाइम जेवण, एअरपोर्टवर घ्यायला माणूस आणि तीन दिवसांचं ट्रेनिंग असं ठरलेलं होतं. राहणं मिळालं, जेवण मिळालं. ट्रेनिंग म्हणजे एका हॉलमध्ये दोन तास स्लाइड दाखवल्या, वर्गात गाणं म्हणा आणि हसत राहा एवढंच.

आता सगळ्यात महत्त्वाचं, व्हिसा. संस्थेचा पोरगा फोनवर म्हणला, सर टुरिस्ट व्हिसा काढून टाका, सगळे तसंच जातेत, कुणी बघत नाही. इथंच थांबायचं. चीनमध्ये टुरिस्टचा एल व्हिसा असतो, नोकरीचा झेड असतो आणि बिनपगारी देवाणघेवाण किंवा भेटीसाठी एफ असतो. १ जुलै २०१३ पासनं तिथं जो परदेशी लोकांचा कायदा लागू झालाय त्यात बेकायदेशीर काम केलं तर ५ हजार ते २० हजार युआन दंड आहे, आणि प्रकरण गंभीर वाटलं तर ५ ते १५ दिवस कोठडी. तेव्हा एका युआनला साधारण दहा रुपये पडायचे, म्हणजे हिशेब तुम्हीच करा. आणि तो दंड संस्था भरत नसती, तुम्ही भरता. मी एफ व्हिसाचं निमंत्रण पत्र आल्याशिवाय पैसे देणार नाही म्हणून अडून बसलो, पाच आठवडे रोज फोन केला तवा कुठं पत्र आलं. माझ्यासोबत आलेल्या दुसऱ्या राज्यातल्या दोघांना एलवरच पाठवलेलं होतं आणि ती पोरं पूर्ण मुक्कामभर पोलिसांची गाडी दिसली की रस्ता बदलायची. असं जगून काय शिकवणार माणूस.

अजून एक. हॉटेलात न राहता दुसरीकडं राहिलात तर पोचल्यापासनं २४ तासांच्या आत जवळच्या पोलीस चौकीत नोंद करायला लागती. संस्थेच्या कोऑर्डिनेटरचा फोन त्या दिवशी बंद. शाळेतल्या इंग्लिशच्या मॅडम स्वतः तास बदलून मला घेऊन गेल्या, फॉर्म त्यांनीच भरला, आणि परत येताना रस्त्यात मला सिमकार्ड बी घेऊन दिलं. पहिल्याच दिवशी कळलं की इथं आपला आधार कोण राहणारय ते.

शाळा जिमेइ भागात होती. शामेन मूळ बेटावर आहे आणि जिमेइ पलीकडच्या जमिनीवर, मधनं खाडी. मेट्रोची पहिली लाइन ३१ डिसेंबर २०१७ ला सुरू झालेली, ती जिमेइला येताना समुद्राच्या अगदी कडेनं पाण्यावरनं येती. मी टँकरच्या लाइनीत घागर घेऊन उभा राहिलेला माणूस, पहिल्या रविवारी त्या मेट्रोत नुसता इकडनं तिकडं चार वेळा बसलो. जिमेइचं अजून एक सांगतो. चन ज्याकंग नावाचे गृहस्थ इथलेच, सिंगापूरला जाऊन रबराच्या धंद्यात पैसा कमावला आणि १९१३ ला गावात प्राथमिक शाळा काढली, १९२१ ला शामेन विद्यापीठ काढलं, पुढं धंदा बुडाला तरी शाळा बंद पडू दिल्या नाहीत. गावात नुसत्या शाळा आणि कॉलेजं. शाळेसाठी जमीन देणारी, धान्य गोळा करणारी माणसं आपल्याकडं बी होऊन गेलीत, म्हणून मला ते गाव परकं वाटलं नाही.

माझ्याकडं तिसरी आणि चौथीचे वर्ग, एका वर्गात ४८ पोरं. सरकारी शाळेत इंग्लिश साधारण तिसरीपासनं सुरू होतं. मी वर्गात गेलो की सगळी उभी राहून एका सुरात लाओशी हाओ म्हणायची, म्हणजे नमस्कार गुरुजी. मला नाव पडलं इन्दू लाओशी, भारताचे गुरुजी. सकाळी दोन तास झाले की स्पीकरवर गाणं लागायचं आणि ४८ च्या ४८ पोरं डोळे मिटून भुवया, डोळ्यांमधलं नाकाचं मूळ, गाल बोटांनी दाबायची, डोळ्यांचा व्यायाम. रोज. मोबाइलमध्ये तोंड घालून बसलेल्या आपल्या पोरांसाठी हे उद्यापासनं सुरू करावं असं मला मनापासनं वाटतं. दुपारी जेवण झालं की बाकावर डोकं ठेवून सगळी झोपायची, मास्तर लोक बी.

आता शिकवण्याचं खरं. ज्या पोरांच्या घरी आजी-आजोबा मिन्नान, म्हणजे इकडची गावठी बोली बोलतात त्यांना फ जमत नाही, कारण त्या बोलीत दात ओठावर टेकवून म्हणायचा फ नाहीच, तिथं ह येतो. फिश म्हण म्हणलं की हुइश. एक पोरगी होती, पहिल्या बाकावरची, दोन वेण्या, तिला सगळं यायचं पण फ आला की मान खाली घालायची. आणि मला ते लगेच कळलं, कारण मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलोय, आपला फळातला फ दोन्ही ओठांचा असतो, इंग्लिशचा वेगळा असतो, हे मला डी.एड.ला आमच्या सरांनी आरशासमोर उभं करून शिकवलं होतं. मी तेच केलं. वहीच्या कागदाची पट्टी फाडली, तोंडासमोर धरली, खालच्या ओठावर वरचे दात टेकवून हळू हवा सोडली तर पट्टी सारखी थरथरत राहती, ह म्हणलं की एकदाच उडती. तिनं आठ दिवस ती पट्टी कंपासपेटीत ठेवली होती. नवव्या दिवशी तास सुरू व्हायच्या आधी माझ्या टेबलापाशी आली, पट्टी धरली आणि म्हणली, फिश. पट्टी थरथरली. मग फाइव्ह, मग फादर, थांबायलाच तयार नाही. मला त्या पाच महिन्यांत जे काही मिळालं त्यातलं सगळ्यात मोठं ते आहे.

दुसरा एक तास मला कायम आठवतो, टी शब्दाचा. आपण चहा म्हणतो, चिनी भाषेत बी चा. मग इंग्रजांनी टी कुठनं आणला? तर ह्याच भागातनं. मिन्नान बोलीत चहाला ते म्हणतात, इथल्या व्यापाऱ्यांकडनं तो शब्द डच लोकांनी जहाजातनं युरोपात नेला आणि त्याचा टी झाला. जिकडं खुष्कीच्या मार्गानं चहा गेला तिकडं चा, चाय, चहा. मी फळ्यावर नकाशा काढून हे सांगितलं, मॅडमनी चिनीत समजावलं, आणि पोरांच्या चेहऱ्यावर जे आलं ना, की ही परकी भाषा नुसती परीक्षेची नाही, हिच्यात आपल्या आजीचा एक शब्द बसलाय! दुसऱ्या दिवशी अर्धा वर्ग घरी सांगून आलता.

एवढं चांगलं चाललेलं असताना संस्थेनं काय करावं. ऑक्टोबरमध्ये कोऑर्डिनेटर म्हणला, शनिवारी-रविवारी एका प्रायव्हेट क्लासला जायचं, तिथंबी व्हॉलंटियर म्हणूनच. गेलो तर तिथं पालक तासाला फी भरायलेत, पावत्या फाडायलेत, आणि मला रुपया नाही. म्हणजे माझ्या फुकटच्या कामावर धंदा. वर मला बाजूला घेऊन सांगितलं, पालकांनी विचारलं तर इंडिया म्हणू नका, सिंगापूरला वाढलो म्हणा. मी तिथंच नाही म्हणालो. माझी आई अंगणवाडीत, बाप शेतकरी, मी लातूरचा, हे लपवून मी कुणाच्या पोराला काय शिकवू? शिवाय पैसे घेणाऱ्या क्लासला शिकवणं एफ व्हिसावर बसतच नाही, पकडला गेलो असतो तर मीच. संस्थेनं मग सर्टिफिकेट देणार नाही अशी धमकी दिली. मी मॅडमला सांगितलं, त्यांनी मुख्याध्यापकांना, आणि शाळेनं स्वतःच्या शिक्क्याचं पत्र मला दिलं. ते आजबी फाइलला आहे. जुलै २०२१ ला चीन सरकारनं शाळेच्या विषयांच्या नफ्यासाठी चालणाऱ्या क्लासवर मोठी बंधनं आणली, सुट्टीच्या दिवशीचे असले क्लास बंद करायला लावले. तरी आता जाणाऱ्यानं विचारून घ्या, मला फक्त शाळेतच शिकवायचंय का, लेखी द्या. दिलं नाही तर सोडून द्या. आणि पगाराचं कुणी आमिष दाखवलं तर अजून सावध व्हा, इंग्लिश शिकवायच्या नोकरीच्या झेड व्हिसाला ते सहसा इंग्लिश मातृभाषा असलेल्या देशाचा पासपोर्ट किंवा तिथली डिग्री मागतात.

जेवणाचं थोडक्यात. माळकरी घरातला आहे, मांस-मासे नाही. समुद्रकाठचं गाव, कालवं, शिंपले, खेकडे आणि हिरव्या भाजीला बी बऱ्याचदा डुकराची चरबी. वो छ सू, म्हणजे मी शाकाहारी, हे वाक्य पाठ करूनच विमानात बसा. शामेनला विद्यापीठाशेजारी नानपुतुओ नावाचं बौद्ध मंदिर आहे, तिथं पूर्ण शाकाहारी जेवण मिळतं, रविवार माझा तिथंच. आणि सकाळी शेंगदाण्याचं गोड सूप, दाणे पार विरघळेपर्यंत शिजवलेले, ते मी रोज खाल्लं. घरनं येसर, शेंगदाण्याची चटणी आणि कडक भाकरी नेली होती ती दीड महिना पुरली. मॅडमच्या वडिलांना भाकरीचा तुकडा दिला, त्यांनी वास घेतला आणि गाओल्यांग म्हणले. ज्वारी! त्यांच्याकडं तिची दारू करतात, आपण तिची भाकरी करतो हे त्यांना नवीन होतं. मी भारतातला म्हणल्यावर ह्याच आजोबांनी ख दीहुआ असं दोन-तीनदा म्हणून दाखवलं, मला कळेना, मग मॅडमनी फोटो काढून दाखवला तर डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस. आपल्या शेजारच्या सोलापूरचे, १९३८ ला वैद्यकीय पथकात गेलेले आणि १९४२ ला तिथंच वारलेले. मी फोटोकडं आणि माझ्या घराकडं बोट दाखवून दोन बोटं जवळ धरली, की एवढंच अंतर. आजोबांनी माझा हात सोडलाच नाही बराच वेळ.

मध्य-शरद सणाला, म्हणजे त्यांच्या पौर्णिमेच्या मोठ्या सणाला, शाळेत बोबिंग खेळले, हा शामेनचाच खेळ. मोठ्या वाडग्यात सहा फासे टाकायचे, चार फाशांवर चार आले की तुम्ही च्वांगयुआन, म्हणजे जुन्या राजाच्या परीक्षेत पहिला नंबर. मला दोनच फाशांवर चार आले, बक्षीस टूथपेस्ट. शिपायापासनं मुख्याध्यापकांपर्यंत सगळे एकाच टेबलाभोवती ओरडायलेत, ते बघून लई बरं वाटलं.

स्टार द्यायचे तर संस्थेला दीड, तेबी एफचं पत्र शेवटी आलं म्हणून. शाळेला आणि तिथल्या माणसांना पाच. जायचंच असेल तर थेट शाळेशी बोलणं करून द्या म्हणा, जी संस्था शाळेच्या मास्तराशी तुमचा फोन जोडून देत नाही तिला एक रुपया देऊ नका.

तिथला सगळा संपर्क वीचॅटवर. जून २०२० ला आपल्याकडं ते ॲप बंद झालं आणि वर्गाचा ग्रुप एका दिवसात गेला. मी निघायच्या आधी पोरांना लातूरची गोष्ट सांगितली होती, २०१६ ला आमच्या शहराला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं, लोक प्लॅटफॉर्मवर गाडीची वाट बघत उभे होते. समुद्राकाठच्या पोरांना हे खरंच वाटेना. दोन वेण्यांच्या त्या पोरीनं चित्र काढून दिलं, लांबच लांब निळी गाडी आणि प्रत्येक डब्यात मासे, खाली तिच्या अक्षरात वॉटर ट्रेन, फिश ट्रेन. ते चित्र माझ्या खोलीत लावलंय. २०२१ ला मॅडमचा ईमेल आला, ती पोरगी आता मोठ्या शाळेत गेली आणि जाताना विचारून गेली, इन्दू लाओशीच्या गावाला पाणी आलं का. त्या दिवशी आमच्या नळाला आठ दिवसांनी पाणी आलं होतं, आई हंडे भरत होती. मी लिहिलं, हो, आलं.