आई-वडिलांचं हॉस्पिटलचं बिल: योजनेचं कार्ड, कंपनीचा विमा की स्वतःचा मेडिक्लेम?

मुलगा पुण्यात नोकरीला, आई-वडील सातारा जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी. वडील 68 चे, त्यांना शुगर. आई 63 ची, तिला बीपी. असं घर डोळ्यांसमोर ठेवून ही तुलना केली आहे, कारण नेमकं याच वयात एजंटचे फोन सुरू होतात आणि हप्त्याचा आकडा ऐकून निर्णय पुढच्या वर्षावर ढकलला जातो.

आधी फुकटातलं बघू. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना ही पूर्वीची राजीव गांधी जीवनदायी. त्या काळी पिवळ्या-केशरी रेशनकार्डापुरती आणि दीड लाखापर्यंतच होती. आता आयुष्मान भारतच्या जोडीनं ती पांढऱ्या कार्डवाल्यांनाही मिळते आणि कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण देते. तरीही ‘आपण त्यात बसत नाही’ असं समजून कार्डच न काढलेली सुशिक्षित घरं भरपूर आहेत. वयाची 70 पूर्ण झाली की आयुष्मान भारतचंच वेगळं वय वंदना कार्ड निघतं. ऑक्टोबर 2024 मध्ये सुरू झालेल्या या कार्डाला उत्पन्नाची अट नाही, आधार पुरतं आणि घरात खासगी मेडिक्लेम असला तरी चालतं.

अडचण हॉस्पिटलची आहे. योजनेत प्रत्येक उपचाराचा ठरलेला पॅकेज दर असतो आणि ‘हा दर परवडत नाही’ म्हणत बरीच मोठी खासगी हॉस्पिटलं योजनेबाहेर राहतात. उपचारही यादीतलाच हवा. म्हणून कार्ड हातात आल्यावर 155388 वर फोन करून जवळ हृदयाचं, किडनीचं, हाडाचं काम योजनेतून कुठे होतं ते विचारून ठेवा. रात्री दोन वाजता ही चौकशी होत नाही.

कंपनीचा ग्रुप विमा दिसायला सगळ्यात सुखाचा. बहुतेक ठिकाणी जुने आजार पहिल्या दिवसापासून धरले जातात, तपासणी नाही आणि हप्ता पगारातून परस्पर जातो. पण नोकरी गेली की तोही गेला. शिवाय अलीकडे अनेक कंपन्या पालकांना वगळतात किंवा त्यांचा हप्ता कर्मचाऱ्यावर टाकतात. नोकरी सोडताना त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं. एचआर हे आपणहून सांगेलच असं नाही, तेव्हा शेवटच्या दिवसाआधी विचारा.

स्वतःचा मेडिक्लेम महाग आहे, पण निवड तुमच्या हातात राहते. एप्रिल 2024 पासून जुन्या आजारांसाठीची प्रतीक्षा, म्हणजे त्यांचा क्लेम मिळत नाही तो सुरुवातीचा काळ, जास्तीत जास्त 36 महिन्यांवर आली. वयोमर्यादेचं बंधनही गेलं. सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक पॉलिसीवरचा 18 टक्के जीएसटी उठला. ज्येष्ठांचा हप्ता वर्षात 10 टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचा असेल तर कंपनीला आधी इर्डाईशी, म्हणजे विमा नियामकाशी, सल्लामसलत करावी लागते. मात्र दरवर्षी 10 टक्के वाढला तरी सात-आठ वर्षांत हप्ता दुप्पट होतो, हे कागदावर मांडून बघा.

पॉलिसी घेताना रकमेपेक्षा खोलीभाड्याची मर्यादा आधी वाचा. पाच लाखांच्या पॉलिसीत ती 1 टक्का असेल, तर दिवसाला 5 हजार. तुम्ही 10 हजारांची खोली घेतली, तर फक्त भाड्यातलेच पैसे कापले जात नाहीत. डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटरचा आकार हेही त्याच प्रमाणात निम्मे होतात. दुसरी अट को-पे. 20 टक्के को-पे म्हणजे चार लाखांच्या बिलात 80 हजार तुमचे. या दोन ओळी न वाचता घेतलेली स्वस्त पॉलिसी डिस्चार्जच्या दिवशी महाग पडते. आणि शुगर लपवू नका. नेमक्या त्याच मुद्द्यावर क्लेम अडकतो.

रोजच्या गोळ्या, महिन्याच्या तपासण्या, डॉक्टरांची फी यांना सहसा तिन्ही पर्याय हात लावत नाहीत. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशाच्या एकूण आरोग्यखर्चात लोकांनी थेट खिशातून भरलेला वाटा 2013-14 मध्ये 64.2 टक्के होता, तो 2021-22 मध्ये 39.4 वर आला. घट मोठी आहे, तरी शुगर-बीपीच्या घरात ती फारशी जाणवत नाही. माझं मत विचाराल तर म्हातारपणाच्या आजाराचा मुख्य भार करातूनच उचलला जायला हवा. वय वाढेल तसा हप्ता वाढवणारी पद्धत ज्याला जास्त गरज त्यालाच जास्त पिळते. पण तोवर घर चालवायचं आहे.

या घरासाठी मी असं करीन: दोघांची योजनेची कार्डं याच महिन्यात. वडिलांचं वय वंदना कार्ड सत्तरी पूर्ण होताच. कंपनी पालकांना घेत असेल, तर त्यावर स्वतःच्या नावानं सुपर टॉप-अप, म्हणजे वर्षातली बिलं ठरावीक रकमेच्या वर गेली की पुढचं भरणारी पॉलिसी. नोकरी गेली तरी तो टिकतो, फक्त खालची रक्कम तेव्हा आपली. कंपनी घेत नसेल आणि दोन्ही हप्ते झेपत नसतील, तर आधी आईचा मेडिक्लेम, कारण वडिलांचं वय वंदना कार्ड जवळ आलं आहे. वडिलांच्या हप्त्याइतके पैसे वेगळ्या खात्यात टाकत राहायचे.

एवढं करूनही बिल अंगावर आलंच, तर हॉस्पिटल धर्मादाय ट्रस्टचं आहे का बघा. महाराष्ट्रात अशा हॉस्पिटलांना 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे 1 लाख 80 हजार आणि 3 लाख 60 हजार. तिथल्या वैद्यकीय समाजसेवकाकडे उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड घेऊन जायचं, तेही अंतिम बिल तयार होण्याआधी.