मॅग्नितोगोर्स्कची ‘अरेना मेटालुर्ग’: पोलादनगरीतील बर्फाचे मैदान

सातपूर-अंबडच्या कारखान्यांतून कामानिमित्त रशियाच्या उरल भागात जाणाऱ्या नाशिककरांनी मॅग्नितोगोर्स्कमधील एक संध्याकाळ ‘अरेना मेटालुर्ग’साठी अवश्य राखून ठेवावी. १९२९ मध्ये पोलाद कारखान्यासाठी वसवलेल्या या शहरात २००७ साली खुले झालेले हे बंदिस्त क्रीडागृह आइस हॉकी पाहण्यासाठी मला अतिशय उत्तम वाटले.

येथे साडेसात हजारांहून अधिक प्रेक्षक बसू शकतात, तरीही वरच्या रांगेतून खेळ नीट दिसतो. ही बाब महत्त्वाची आहे, कारण या खेळात चेंडूऐवजी असलेल्या रबरी चकतीचा व्यास जेमतेम साडेसात सेंटिमीटर असतो आणि ती इतक्या वेगाने जाते की नवख्या प्रेक्षकाची नजर तिच्यामागे धावून थकते. म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्याने लांब बाजूच्या मधल्या किंवा वरच्या रांगेचे तिकीट घ्यावे. गोलच्या मागे संरक्षक जाळीतून पाहावे लागते. काचेलगतच्या जागेवरून मैदानाभोवतीच्या फळ्यांवर आदळणाऱ्या खेळाडूंचा आवाज अंगावर येतो, मात्र तेथे गारठा अधिक असल्याने जाड स्वेटर हवाच.

मध्यंतरात लगेच उठू नये. यंत्र बर्फाचा ओरखडलेला थर खरवडून त्यावर गरम पाणी पसरते. गरम पाण्याने वरचा पृष्ठभाग किंचित वितळतो आणि नवा थर जुन्याशी एकजीव होऊन गोठतो. बर्फाखालच्या नळ्यांतून शून्याखालील तापमानाचा द्रव सतत फिरत असतो. पिंपळगावच्या द्राक्षांच्या शीतगृहात वावरलेल्या माणसाला हे तंत्र चटकन उमगेल. हवेतील दमटपणाही आटोक्यात ठेवावा लागतो, नाहीतर बर्फावर धुके साचते.

येथे खेळणाऱ्या ‘मेटालुर्ग’ या आइस हॉकी संघामागे पोलाद कारखाना उभा आहे आणि संघाने २०१४, २०१६ व २०२४ मध्ये गागारिन चषक, म्हणजे केएचएल या रशियातील प्रमुख लीगचे विजेतेपद, जिंकला आहे. येथेच जन्मलेला खेळाडू येवगेनी माल्किन अमेरिकेत नावारूपाला आल्यानंतर, तिकडची एनएचएल ही लीग २०१२ मध्ये मालक व खेळाडूंच्या वादामुळे काही काळ बंद होती तेव्हा, याच संघाकडून खेळायला परतला होता. कारखाना आणि गावातील खेळ यांचे असे नाते आपल्या औद्योगिक वसाहतींतही जुळावे, असे मला मनापासून वाटते.

लीगचा हंगाम सप्टेंबरमध्ये सुरू होतो. शेजारच्या चेल्याबिन्स्कच्या ‘ट्रॅक्टर’ संघाविरुद्धचा सामना पाहायचा असेल, तर तिकीट आधीच काढून ठेवावे.