वेताळाच्या दैनिक पट्ट्यांचे खंड : काही महिन्यांच्या वाचनानंतर

ली फॉक यांच्या फँटमच्या, म्हणजे जंगलात राहणाऱ्या आपल्या मुखवटाधारी वेताळाच्या, वर्तमानपत्रांतील दैनिक चित्रपट्ट्या कालक्रमाने छापणाऱ्या इंग्रजी खंडांपैकी सुरुवातीचे काही खंड मी गेले काही महिने वाचतो आहे. इंद्रजाल कॉमिक्सवर वाढलेल्या वाचकाने ते विकत घ्यावेत का, या प्रश्नाला माझे उत्तर होकारार्थी आहे, पण सरसकट नाही.

कालक्रमाने वाचण्याचा खरा लाभ पहिल्याच कथेत पदरात पडतो. १७ फेब्रुवारी १९३६ रोजी पट्टी सुरू झाली तेव्हा फॉक यांच्या मनात मुखवट्यामागे जिमी वेल्स नावाचा श्रीमंत, ऐषारामी तरुण होता. कथा चालू असतानाच त्यांनी तो बेत सोडला आणि नायकाला जंगलात नेऊन बसवले. कवटीची गुहा, १५३६ सालापासून बापाकडून मुलाकडे येणारा वारसा, एकविसावा वेताळ, हे सारे आपण जन्मसिद्ध मानत आलो. इथे ते दिवसागणिक रचले जाताना दिसते. डायना पामर तर नायकाच्याही आधी वाचकांसमोर येते आणि ती नुसती सुटकेची वाट पाहणारी नायिका नाही. त्यानंतरच्या कथेतील वैमानिक स्त्रियांची चाचेटोळी आणि तिची म्होरकी बॅरोनेस मला पुढच्या कित्येक खलनायकांपेक्षा सरस वाटली.

चित्रांबाबत माझा पक्षपात आधीच सांगतो. फॉक यांच्याच जादूगार मँड्रेकच्या पट्टीवर फिल डेव्हिस यांचे साहाय्यक असलेल्या रे मूर यांच्या दाट काळ्या सावल्या या मोठ्या, स्वच्छ छपाईतच पुरत्या कळतात. त्यांच्यानंतर आलेल्या विल्सन मॅकॉय यांची रेषा साधी, काहीशी बाळबोध आहे. १९६१ साली मॅकॉय वारल्यावर पट्टी साय बॅरी यांच्याकडे गेली आणि इंद्रजालमुळे आपल्या डोळ्यांत बसलेला वेताळ बहुतांशी बॅरींचाच आहे.

मार्च १९६४ मध्ये मुंबईहून सुरू झालेल्या इंद्रजालने वेताळाच्या वैरी सिंग चाच्यांचे ‘सिंगा’ केले आणि त्याच्या ‘बेंगाली’ देशाला ‘डेंकाली’ म्हटले. मूळ नावे भारतीय वाचकाला खटकली असती, हे खंड वाचताना सहज पटते. खटकणारे इतरही आहे. गोऱ्या पुरुषापुढे माना तुकवणाऱ्या टोळ्या आणि आशिया की आफ्रिका याचा पत्ता लागू न देणारा भूगोल आज डोळ्यांआड करता येत नाही. लमांडा लुआगा हा निवडून आलेला कृष्णवर्णीय राष्ट्राध्यक्ष पट्टीत पुष्कळ नंतर येतो.

दैनिक पट्टी असल्याने कालचा प्रसंग आज पुन्हा सांगितला जातो, त्यामुळे सलग बैठकीत कंटाळा येतो. रोज पाचदहा पाने हेच योग्य प्रमाण आहे. आडव्या आकाराचा खंड पडून वाचता येत नाही आणि माझ्या एका प्रतीची शिलाई पाठीशी सैल झाली आहे. जांभळा पोशाखही इथे दिसणार नाही, कारण रंग १९३९ साली सुरू झालेल्या रविवारच्या पानांत आले आणि त्या कथा वेगळ्या आहेत. किंमत पाहता मूर यांचे खंड विकत घ्यावेत, मॅकॉय यांचे कोणाकडून वाचायला मिळाले तर पाहावेत आणि वेताळ-डायनाचे १९७७ मधील लग्न वाचण्याची घाई असणाऱ्याने थेट बॅरींच्या काळापासून सुरुवात करावी.