फोंड्यातील आमच्या वसाहतीचे नवे उद्यान: सावली उत्तम, फाटक मात्र एकच

फोंडा शहरात आमच्या वसाहतीच्या कडेला असलेल्या, अनेक वर्षे बांधकामाचा राडारोडा टाकण्यापुरत्याच उरलेल्या जागेवर आता उद्यान उभे राहिले आहे. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यामुळे उद्यानाची खरी परीक्षा आषाढातच होते. म्हणून पूर्ण पावसाळा पाहूनच हे लिहीत आहे.

त्या परीक्षेत हे उद्यान उत्तम उतरले. सरसकट पेव्हर ब्लॉक न बसवता पायवाटा चिऱ्यांच्या केल्या आहेत, चिऱ्यांमधील सांधे मातीचेच ठेवले आहेत आणि उताराच्या बाजूने उथळ चर काढून पाणी शोषखड्ड्याकडे वळवले आहे. त्यामुळे मोठी सर ओसरली की थोड्याच वेळात वाट चालण्याजोगी होते. सावलीतल्या चिऱ्यांवर मात्र हिरवे शेवाळ धरते आणि ज्येष्ठांचे पाय तिथे घसरतात. पावसाळ्यात ते नियमित घासून काढायलाच हवे.

जुनी झाडे राखली, ही मला सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. एक जांभूळ, दोन बकुळी आणि आपला राज्यवृक्ष असलेली माट्टी जागच्या जागी आहेत. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतील झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा आदेश दिला होता. इथे ते मुळात घातलेलेच नाही. बकुळीखालची चिऱ्याची बैठक जुन्या घरांच्या बल्कांवातल्यासारखी, म्हणजे दारापुढच्या ओसरीतल्या बैठकीसारखी, रुंद आहे आणि पाठ टेकवून तासभर आरामात बसता येते.

नियोजनातील मोठी उणीव म्हणजे एकच फाटक, तेही वर्दळीपासून दूर. पणजीच्या गार्सिया द ओर्ता उद्यानाची आखणी १८५५ मधली. भोवती रस्ते आणि दुकाने असल्याने येणाऱ्या-जाणाऱ्यांची नजर त्यावर सतत राहते. आमच्याकडे मागच्या कोपऱ्यात कोणाचेच लक्ष नसते, म्हणून तिन्हीसांजेनंतर स्त्रिया तिकडे फिरकत नाहीत. बसथांब्याच्या बाजूने दुसरे फाटक काढले तर लोक उद्यानातूनच ये-जा करतील आणि तो कोपरा आपोआप जागता राहील. स्वच्छतागृह बांधलेले आहे, पण त्याला बहुतेक वेळा कुलूप असते. त्याची किल्ली माळीकाकांकडे ठेवावी.

घसरगुंडी उन्हात आहे आणि पत्र्याची असल्यामुळे मार्चनंतर चांगलीच तापते. तिच्या पश्चिमेला कदंब लावेपर्यंत मुलांना घेऊन येणाऱ्यांनी संध्याकाळी पाचनंतरच यावे.