नकाशा पक्का, वार कच्चा: मेक्सिकोचा पहिला प्रवास आखून देणाऱ्या एका सेवेविषयी

मेक्सिको शहरात राहणाऱ्या एक मराठी बाई पहिल्यांदा तो देश पाहायला जाणाऱ्यांना प्रवासाचा आराखडा तयार करून देतात. हॉटेल किंवा विमानाची तिकिटे त्या काढत नाहीत. दोन वेळा सविस्तर बोलणे, बावीस पानांची लेखी योजना आणि प्रवास चालू असताना संदेशाला उत्तर, एवढेच त्यांच्या सेवेत येते. त्यासाठी आम्ही दोघांनी मोजलेले शुल्क मेक्सिको शहरातील आमच्या हॉटेलच्या दोन रात्रींच्या भाड्याइतके होते. पुढे तक्रारीही लिहिणार असल्यामुळे सेवेचे नाव येथे देत नाही.

आमची मूळ यादी आता वाचताना ओशाळायला होते. चौदा रात्रींत मेक्सिको शहर, ग्वादालाहारा, उत्तरेकडची कॉपर कॅन्यनची दरी आणि तेथील रेल्वे, वाहाका, सान क्रिस्तोबाल, पालेंके, मेरिदा आणि कानकून एवढे सगळे आम्हाला बसवायचे होते. पहिल्या बोलण्यात बाईंनी यादीवर काहीच मत दिले नाही; फक्त प्रत्येक दोन ठिकाणांमध्ये दारापासून दारापर्यंत किती तास जातील, ते आमच्याकडूनच लिहून घेतले. सुमारे 19.6 लाख चौरस किलोमीटरच्या या देशात वायव्येच्या तिहुआनापासून पूर्वेच्या कानकूनपर्यंतचा रस्ता चार हजार किलोमीटरहून लांब आहे, हे आम्हाला माहीत नव्हते असे नाही. पण आपल्या चौदा दिवसांपैकी जवळजवळ पाच दिवस बसस्थानके आणि विमानतळांवर जाणार आहेत, हे आपल्याच हस्ताक्षरात दिसल्यावर ग्वादालाहारा आणि ती दरी आम्ही स्वतःहून खोडली. सान क्रिस्तोबाल आणि पालेंके मात्र त्यांनी वाद घालून काढायला लावले. शेवटी मेक्सिको शहर पाच रात्री, पुएब्ला एक, वाहाका चार, मेरिदा चार आणि परतीचे विमान कानकूनहून असा क्रम ठरला. माझ्या मते शुल्काची निम्मी किंमत या खोडाखोडीतच वसूल झाली.

क्रमामागेही विचार होता. मेक्सिको शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 2,240 मीटर उंचीवर असल्यामुळे पहिला दिवस त्यांनी जवळपास मोकळा ठेवला होता, आणि त्या दिवशी हॉटेलचे दोन जिने चढताना लागलेली धाप पाहता तो मोकळा ठेवणे योग्यच होते. मेरिदाचा सखल, दमट उकाडा शेवटी ठेवला होता, जेणेकरून तोपर्यंत रोज चालण्याची सवय झालेली असेल. वाहाकाची बस पूर्वेच्या बसस्थानकावरून सुटते, त्याला सगळे ‘तापो’ म्हणतात, आणि पहिल्या वर्गाच्या बसमध्ये वातानुकूलन इतके गार असते की स्वेटर सामानात न टाकता हातात ठेवावा, अशा बारीक सूचना पानोपानी होत्या.

योजनेतील सर्वांत उपयोगी भाग म्हणजे उच्चारांचे पान. त्यांनी गावांची, पदार्थांची आणि नेहमीच्या वाक्यांची नावे देवनागरीत लिहिली आहेत, आणि स्पॅनिशमधले त आणि द आपल्या त-द सारखेच दंत्य असल्यामुळे देवनागरी त्यासाठी रोमनपेक्षा कितीतरी सोयीची ठरते. इंग्रजीच्या सवयीने आपण टॅक्सी म्हणतो, त्यांनी ‘ताक्सी’ लिहिले आहे. एक्स या अक्षराने तर आमची फारच करमणूक केली: देशाच्या नावात त्याचा उच्चार ह (मेहिको), सोचिमिल्कोत स, उश्मालमध्ये श आणि ताक्सीत क्स. तापोच्या खिडकीवर मी ‘वाहाका, दोस’ एवढेच म्हणालो आणि समोरच्या मुलीने मान वर न करता दोन तिकिटे पुढे सरकवली. आधी Oaxaca हे नाव मी ‘ओअक्साका’ असे वाचत होतो.

पैशांविषयीचा भागही नेमका आहे. मेक्सिकोत पेसोसाठीही डॉलरचेच चिन्ह वापरतात, त्यामुळे जेवणाच्या यादीतील 180 हा आकडा पाहून दचकू नये, हे त्यांनी पहिल्याच ओळीत सांगितले आहे. एटीएम यंत्र स्वतःच्या दराने रक्कम आपल्या चलनात बदलून देऊ का असे विचारते, तेव्हा नकाराचे बटण दाबावे. त्याने व्यवहार रद्द होत नाही, पैसे मिळतातच आणि दर आपल्या कार्ड-कंपनीचा लागतो. पहिल्यांदा ते बटण दाबताना माझे बोट अडखळले होते, हे कबूल करतो. व्हिसाविषयी दोनच ओळी होत्या आणि त्या बरोबर निघाल्या: भारतीय पारपत्रावर अमेरिकेचा वैध व्हिसा असल्यास मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही.

आम्ही दोघेही शाकाहारी असल्यामुळे त्यांनी स्पॅनिशमध्ये एक कार्ड लिहून दिले होते. ‘सिन कार्ने’, म्हणजे मांसाशिवाय, एवढे म्हणून तेथे भागत नाही, कारण कोंबडी किंवा हॅम म्हणजे कार्ने असे अनेकांच्या बोलण्यात नसतेच. शिवाय घेवड्याची उसळ बऱ्याचदा मान्तेकात, म्हणजे डुकराच्या चरबीत, परतलेली असते. कार्डावर हे सगळे वेगवेगळे लिहिलेले होते. वाहाकाच्या बाजारात त्लायुदा, म्हणजे मक्याची मोठी भाकरी, भाजणाऱ्या एका आजींनी ते कार्ड हात लांब करून वाचले, मग तव्याशेजारचे तपकिरी चरबीचे भांडे आमच्यासमोर उचलून धरले आणि तर्जनी डावीकडे-उजवीकडे हलवून ‘हे नको ना?’ असे विचारले. त्या चरबीला ‘असिएन्तो’ म्हणतात, ती त्लायुदाला लावायचीच असते, आणि नेमका तोच शब्द कार्डावर नव्हता. आजींनी भांडे बाजूला ठेवले आणि आम्हाला परातीएवढी, कुरकुरीत, केसियो चीजचे तंतू पसरलेली त्लायुदा वाढली.

आता तक्रारी. अंतरे, उंची आणि हवामान यांचा इतका काटेकोर हिशोब मांडणाऱ्या योजनेत वारांचा हिशोब मात्र कुठेच नव्हता. पाने ‘दिवस 1’, ‘दिवस 2’ अशी लिहिलेली होती आणि आम्ही गुरुवारी पोहोचलो. त्यामुळे दिवस 5 सोमवारी आला आणि त्या पानावर चापुल्तेपेकमधील राष्ट्रीय मानववंशशास्त्र संग्रहालय होते, जे सोमवारी बंद असते. 1964 मध्ये उघडलेले हे संग्रहालय पाहण्यासाठीच खरे तर आम्ही या शहराला पाच रात्री दिल्या होत्या. तेथील ज्या सूर्यशिळेला लोक अझ्टेकांचे पंचांग म्हणतात, ती पाहायला जावे आणि वार न पाहिल्यामुळे दारातून परतावे, यातला विनोद त्या वेळी आमच्या लक्षात आला नाही. बाईंना संदेश पाठवला, पंधरा मिनिटांत दिलगिरी आली आणि सोबत पर्यायही आला: तेओतिउआकान हे पिरॅमिडांचे प्राचीन शहर सोमवारीही उघडे असते, तिकडे लगेच निघा आणि मंगळवारची पुएब्लाची बस दुपारी घ्या. आम्ही तसे केले. पण भर दुपारी सूर्याच्या पिरॅमिडसमोर सावलीचा तुकडा शोधत उभे राहणे आणि मंगळवारी संग्रहालय तीन तासांत उरकणे, ही दोन्ही दुखणी त्या एका चुकीमुळे आली.

वारांची दुसरी चूक रविवारची होती. रविवारी सकाळपासून दुपारी दोनपर्यंत पासेओ दे ला रेफोर्मा हा मुख्य रस्ता सायकलींसाठी मोकळा ठेवतात. दृश्य सुंदर असते, पण योजनेत त्याच वेळी त्या रस्त्याने ताक्सीने जायचे होते. आम्ही अर्धा तास गल्ल्यांतून फिरत राहिलो. कोयोआकानमधील चित्रकार फ्रिदा काहलो यांच्या निळ्या घराविषयी ‘तिकीट घ्यावे’ एवढेच लिहिले होते, आणि ते ठरावीक दिवसाचे व वेळेचे तिकीट खूप आधी ऑनलाइन काढावे लागते, हे आम्हाला शनिवारी दारातल्या रांगेत समजले. ते घर पाहायचे राहिलेच.

याच्या उलट एक जागा अशी, जिथे त्यांच्या सावधपणाने आमचे विमान वाचले. मेरिदा युकातान राज्यात आहे आणि कानकून किंताना रोमध्ये, आणि 2015 पासून किंताना रोचे घड्याळ एक तास पुढे आहे. मेरिदाहून कानकूनची बस सुमारे चार तास घेते. पण घड्याळाप्रमाणे पाच तास धरा, असे योजनेत ठळक अक्षरांत होते. आमच्या बसमधील एका परदेशी जोडप्याला ते उतरताना कळले आणि ते सामान घेऊन पळत सुटले.

बसचा प्रवास अंगवळणी पडलेल्या आणि थोडीफार स्पॅनिश वाचू शकणाऱ्या माणसाला ही सेवा घ्यायची गरज नाही. पहिल्यांदाच जाणाऱ्या आणि यादीतले काहीही सोडवत नसलेल्या माणसाने ती जरूर घ्यावी; मात्र पैसे भरण्यापूर्वी प्रत्येक दिवसासमोर तारीख आणि वार लिहून मागावा. आमच्या तक्रारीनंतर आपण तसे लिहू लागलो आहोत, असे बाई म्हणतात. त्यांचा नवा आराखडा मी अजून पाहिलेला नाही.