जायकाचं घनकचरा प्रशिक्षण, किताक्यूशू : जाऊन आलेल्या स्वच्छता निरीक्षकाचा अभिप्राय

गेल्या दोन महिन्यांत शेजारच्या दोन नगरपरिषदांतून मला फोन आले. "मॅडम, जायकाच्या ट्रेनिंगचं पत्र आलंय, जाऊ का? पाच आठवडे घरदार सोडून जाण्यासारखं काही मिळतं का तिथे?" हे फोनवर अर्ध्या तासात सांगून होत नाही, म्हणून एकदाच लिहून काढते. जायका म्हणजे इतर देशांना मदत करणारी जपान सरकारची संस्था, आणि तिचं हे कचऱ्याचं प्रशिक्षण जपानच्या किताक्यूशू शहरात होतं. मी कोकणातल्या एका लहान नगरपरिषदेत स्वच्छता निरीक्षक आहे. २०२३ साली नवरात्र बसायच्या आधी निघाले आणि भाऊबीज उलटून गेल्यावर परत आले. लग्नानंतर दिवाळीला घराबाहेर असण्याची ती माझी पहिलीच वेळ.

आधी एक गैरसमज काढते. आपल्याकडे जायका म्हटलं की मुंबईची भुयारी मेट्रो आणि अटल सेतू डोळ्यांसमोर येतात. ते कर्ज आहे. व्याज कमी, मुदत लांब, पण फेडायचं असतं. जपानने असं येनमधलं पहिलं कर्ज १९५८ साली दिलं, तेही भारतालाच. दुसरा प्रकार अनुदानाचा, तो परत द्यायचा नसतो. आणि तिसरा तांत्रिक सहकार्याचा. यात त्यांची माणसं इकडे येतात किंवा आपली माणसं तिकडे शिकायला जातात. आपलं प्रशिक्षण या तिसऱ्यातलं. विमानाचं तिकीट, राहणं, दिवसाचा भत्ता, आजारपणाचा विमा, सगळं त्यांच्याकडे. माझ्या खिशातून गेले ते घरच्यांसाठी आणलेल्या वस्तूंचे.

निवड कशी होते तेही सांगते, कारण लोक इथेच अडतात. कोणतं शिक्षण हवं, हे जपान दरवर्षी त्या त्या देशाच्या सरकारला विचारतं. आपल्याकडे ते दिल्लीत अर्थ मंत्रालयाच्या आर्थिक व्यवहार विभागामार्फत चालतं. मग जागा ठरतात, एका देशाला एक किंवा दोन, आणि माहितीपुस्तिका खाली खाली येत राज्यात आणि शेवटी आपल्या टेबलावर पोचते. माझं पत्र मधल्या एका कार्यालयात एकोणीस दिवस पडून होतं. हातात आलं तेव्हा शेवटच्या तारखेला चार दिवस उरले होते. त्यात अर्ज, वैद्यकीय माहिती, मुख्याधिकाऱ्यांची सही आणि 'जॉब रिपोर्ट'. हा रिपोर्ट हलक्यात घेऊ नका. आपल्या गावात रोज किती कचरा निघतो, किती घंटागाड्या, किती माणसं, डेपो किती वर्षांचा, अडचण नेमकी कुठे, हे सगळं लिहायचं. मी चारही रात्री बसून लिहिला. पहिल्याच आठवड्यात तो सगळ्यांसमोर वाचून दाखवावा लागतो, आणि पुढचे प्रश्न त्यातूनच निघतात.

राहण्याची सोय उत्तम. केंद्र किताक्यूशूच्या याहाता भागात आहे, मागे सराकुरा डोंगर. स्वतंत्र स्वच्छ खोली, खाली भोजनगृह, शाकाहारी ताटावर वेगळी खूण. भात चिकट, पण दोन दिवसांत सवय होते. लोणचं आणि मेतकूट मात्र न्याच.

आता शहराबद्दल. हे शिक्षण टोकियोत न देता किताक्यूशूत का देतात, ते तिथे गेल्यावर कळतं. याहाताचा पोलाद कारखाना १९०१ चा. जुनी झोतभट्टी अजून जपून ठेवली आहे, वर ठळक अक्षरांत '१९०१' लिहिलेलं. कारखान्यांच्या सांडपाण्याने इथली दोकाई खाडी १९६० च्या दशकात 'मृत्यूचा समुद्र' म्हणून ओळखली जायची. आकाश धुराने रंगलेलं असायचं आणि लोकांना आधी त्याचा अभिमानही वाटायचा, कारण धूर म्हणजे रोजगार. हे बदलायला सुरुवात केली बायकांनी. तोबाता भागातल्या महिला मंडळांनी वाळत घातलेल्या कपड्यांवर किती काजळी बसते ते मोजलं, मुलांची शाळेतली गैरहजेरी आणि हवेतला धूर यांचा मेळ घालून बघितला, आणि 'आम्हाला निळं आकाश हवं' म्हणत नगरपालिकेच्या आणि कारखान्यांच्या दारात गेल्या. नवरे त्याच कारखान्यांत कामाला होते. संग्रहालयात तो काळ्या-पांढऱ्या फोटोंचा भाग बघताना मी बराच वेळ तिथून हलले नाही. आपल्या बचत गटाच्या बायका डोळ्यांसमोर येत होत्या. आज त्या खाडीत मासे आहेत. मी स्वतः काठावर गळ टाकून बसलेले म्हातारे बघितले.

शिकवणारी माणसं हा या प्रशिक्षणाचा सगळ्यात मोठा ठेवा. पैसा जायकाचा, पण अभ्यासक्रम चालवायला 'किता' नावाची तिथलीच संस्था आहे, १९८० मध्ये सुरू झालेली. ती शहरातल्या कारखान्यांचे निवृत्त अभियंते आणि पालिकेचे जुने कर्मचारी शिकवायला बोलावते. आम्हाला एक सत्तरी ओलांडलेले गृहस्थ होते, पूर्वी पोलाद कारखान्यातले. इंग्रजी जेमतेम, सोबत दुभाषी बाई. पण ते स्लाइडपेक्षा हाताने जास्त शिकवायचे. आमच्या वर्गात अकरा देशांची माणसं. एकाने विचारलं, "तुमच्याकडे चूक काय झाली ते सांगा." त्यांनी पूर्ण तास चुकाच सांगितल्या, कुठली यंत्रणा उशिरा बसवली, कुठे आकडे लपवले गेले. असा तास मी नोकरीच्या तेवीस वर्षांत ऐकला नव्हता.

माझ्या दृष्टीने खरी मिळकत ताकाकुरा पद्धतीची, म्हणजे घरच्या ओल्या कचऱ्याचं टोपलीत खत करण्याच्या पद्धतीची. कोजी ताकाकुरा या तंत्रज्ञाने २००४ च्या सुमारास इंडोनेशियातल्या सुराबाया शहरात काम करताना ही पद्धत बसवली. जपानहून यंत्र किंवा पावडर नेण्याऐवजी त्यांनी तिथल्याच स्वयंपाकघरातले सूक्ष्मजीव शोधले. सुराबाया पालिकेने पुढे अशा हजारो टोपल्या घरोघर वाटल्या.

कृती अशी. दोन बरण्या घ्यायच्या. एकीत साखरेचं पाणी आणि त्यात आंबवलेले पदार्थ, म्हणजे दही, यीस्ट, त्यांच्याकडे सोयाबीनचे प्रकार. दुसरीत मिठाचं पाणी आणि भाज्या-फळांच्या साली. तीन ते पाच दिवसांत साखरेच्या बरणीला दारूसारखा आंबूस गोड वास येतो. मग भाताचं तूस आणि कोंडा समसमान घेऊन दोन्ही पाणी त्यात मिसळायचं. पाणी किती? त्या आजोबांनी माझी मूठ धरून दाखवलं. मिश्रण मुठीत आवळलं तर लाडू वळला पाहिजे, बोटाने टोचला तर फुटला पाहिजे, आणि बोटांमधून थेंब गळता कामा नये. पापडाचं पीठ ज्या हातांनी मळलंय त्यांना हे एका मिनिटात कळतं. वर्गातले पुरुष दोन दिवस चाचपडत होते. ढीग कापडाने झाकून ठेवला की काही दिवसांत वर पांढरी बुरशी धरते आणि आत हात घातला तर चांगलाच गरम लागतो. हे झालं विरजण. जाळीदार टोपलीला आतून पुठ्ठा लावून त्यात ते भरायचं आणि रोजचा ओला कचरा बारीक चिरून मिसळत जायचं.

दुसरी कामाची गोष्ट फुकुओका पद्धतीची कचराभूमी. फुकुओका विद्यापीठ आणि शहराने मिळून १९७० च्या दशकात ती तयार केली. तळाशी भोकं पाडलेला मोठा पाइप, भोवती दगड. कचऱ्यातलं काळं पाणी त्यातून बाहेर निघून जातं, आणि ढिगाच्या आतल्या उष्णतेमुळे बाहेरची हवा त्याच पाइपमधून आपोआप आत ओढली जाते. पंखा नाही, वीज नाही. हवा खेळली की मिथेन कमी होतो, पाणीही लवकर निवळतं. वर्गात सामोआ या पॅसिफिक महासागरातल्या बेटांच्या देशाची एक मैत्रीण होती. तिने त्यांच्या ताफाइगाता कचराभूमीवर हीच पद्धत कशी केली ते सांगितलं. चिवटपणे वर्षानुवर्षं एकाच डेपोवर काम करण्याची ती गोष्ट होती. पाइप महाग पडत असेल तर बांबू आणि जुनी पिंपंही चालतात, हे ऐकून मी तिथेच वहीत आमच्या डेपोचं चित्र काढायला घेतलं.

कचरा जाळण्याचे प्रकल्प बघायला आवडतील, पण आपल्या गावाला त्यांचा उपयोग नाही. जपानमध्ये बहुतेक घरगुती कचरा जाळतात. आपला कचरा ओला, त्यात माशांची खवलं. तो पेटायलाच इंधन लागेल. तिथल्या पिशव्यांची पद्धत मात्र नीट समजून घ्या. १९९८ पासून किताक्यूशूत कचरा ठरलेल्या विकतच्या पिशवीतच द्यावा लागतो. नंतर दर वाढवून ४५ लिटरची पिशवी ५० येनला केली. दरवाढीआधी पालिकेची माणसं वस्त्यावस्त्यांत जाऊन सभा घेत होती. आपण कर वाढवताना फलक लावून मोकळे होतो.

"जपान हे सगळं फुकट का देतं?" हा प्रश्न मला घरी, ऑफिसात, बाजारात, सगळीकडे विचारतात. मी तिथे थेट विचारला होता. उत्तर असं मिळालं की जपान स्वतः कर्ज काढून उभा राहिला. तोकाइदो शिंकान्सेन या पहिल्या बुलेट ट्रेनसाठी जागतिक बँकेकडून १९६१ मध्ये ८ कोटी डॉलर घेतले होते, आणि जागतिक बँकेची सगळी कर्जं फिटायला १९९० उजाडलं. शिवाय त्यांचाही फायदा आहेच. ओळखी होतात, त्यांच्या कंपन्यांचं तंत्र जगात जातं, काही कर्जांना तर जपानी कंत्राटदाराचीच अट असते. हे माहीत असलेलं बरं. पण कंबोडियातल्या नॉम पेन्हचं उदाहरण ऐकल्यावर माझं मन स्वच्छ झालं. १९९३ मध्ये तिथे नळाचं ७२ टक्के पाणी गळती आणि चोरीत जात होतं. जायकाने आराखडा दिला, १९९९ पासून याच किताक्यूशूचे पाणी खात्याचे लोक तिथल्या माणसांबरोबर काम करू लागले, आणि गळती ६ टक्क्यांच्या आसपास आली. तिथल्या पाणीपुरवठा संस्थेचे तेव्हाचे प्रमुख एक सोन चान यांना २००६ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मदत बाहेरची, पण बड्या थकबाकीदारांचे नळ तोडण्याची हिंमत त्यांची स्वतःची होती.

शेवटच्या आठवड्यात 'अॅक्शन प्लॅन' सादर करायचा असतो. गावी जाऊन काय करणार, कोण करणार, किती पैशात. इथे मोठमोठं लिहायचा मोह होतो. माझ्या पहिल्या मसुद्यात संपूर्ण शहर होतं. त्या आजोबांनी वाचलं आणि दुभाष्या बाईंमार्फत एवढंच म्हणाले, "बारा घरं लिहा." मी बारा लिहिली.

परत आल्यावर नगरपरिषदेत सत्कार झाला, शाल-श्रीफळ मिळालं, आणि पुढचे तीन महिने माझी फाइल हलली नाही. टोपल्यांचे पैसेही मंजूर झाले नाहीत. तिथे हातात हात घेऊन शिकवलं जातं आणि इथे आल्यावर शिकलेलं वापरायला कुणी सांगत नाही, हे मला फार लागलं. शेवटी भातगिरणीवाल्याने तूस तसंच दिलं, कोंड्याचे पैसे मी भरले, साखरेऐवजी गूळ घेतला, आणि मासळी बाजारातून जुन्या जाळीच्या टोपल्या आणल्या.

पहिली खेप जूनमध्ये बिघडली. कोकणातला पाऊस, दमट हवा, चार घरांत अळ्या पडल्या. एका काकूंनी टोपली उचलून माझ्या दारात आणून ठेवली. मी फोटो काढून किताक्यूशूला ईमेल केला. दुसऱ्या दिवशी उत्तर, तीन ओळी: सुकं तूस वाढवा, पुठ्ठ्याऐवजी गोणपाट लावा, दिवसातून दोनदा हलवा. मासे तूर्त बंद केले. गोणपाटाने जादू केली. आज बारापैकी नऊ घरं टिकून आहेत. आमचे मुकादम आधी लांबूनच बघायचे. एक दिवस त्यांनी टोपलीत कोपरापर्यंत हात घातला, हुंगला आणि म्हणाले, "मॅडम, ह्येका घाण कशी येणा नाय?" त्या दिवसापासून घंटागाडीवर ही गोष्ट ते माझ्यापेक्षा चांगली सांगतात.

तर, प्रशिक्षणाला माझे पाचपैकी पाच. मात्र नगरपरिषदांनी माणूस नीट पाठवावा. निवृत्तीला दोन वर्षं उरलेला साहेब पाठवून उपयोग नाही. सकाळी सहाला गाडीबरोबर उतरणारी माणसं पाठवा, इंग्रजी मोडकंतोडकं असलं तरी. बायकांनी तर जरूर जावं. पाच आठवडे घर चालतं. माझं चाललं, सासूबाईंनी फराळही करून ठेवला होता.

पत्र आलं असेल तर आजच मुख्याधिकाऱ्यांची सही घ्या आणि पासपोर्टची मुदत बघा. आणि टोपली घरी करून बघायची असेल तर आमच्या ऑफिसात या, विरजण तयार आहे. एक मूठ पुरते, येताना झाकणाचा डबा आणा.